आत्याला नंबर मिळेना

...अहो, पाहुण्याला दारात पाणी विचारतात, तसा मी वायफायचा पासवर्ड देऊ केला, यात माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा! गोराईत आमच्या आळीत मोबाईलची रेंज म्हणजे वारा, आली तर आली. त्यात घरी नातवाचं बारसं. म्हणजे नातू कॅनडात, माझ्या कृणालकडे, आणि पेढे इथे! आत्याने कानात नाव सांगायचं ते फोनवरून. नाव काय, ते इकडे एकट्या आत्याला, आमच्या दिपालीला ठाऊक. मला, सख्ख्या आजोबाला, पत्ता नाही! मग गाव लोटणारच ना? आमच्या हिने तर उंबऱ्याशी रांगोळी काढली आणि रांगोळीतच पासवर्ड घातला. जो येई तो आधी रांगोळीपुढे वाकून उभा. मला वाटलं, काय संस्कारी माणसं!

आणि डबा? वायफायचा डबा आपला गणपतीशेजारी लुकलुकत गप्प!

दिपाली यायची मुलुंडहून. बोटीतून उतरेपर्यंत सगळं गाव येऊन बसलेलं. आम्ही इथेही पाळणा सजवला होता, बाळाच्या जागी उशीवर तिचा फोन ठेवायचा. ठेवला. तर फोनवरचं चक्र आपलं गोल गोल फिरतंय... "बाबा, हा पत्ता मिळवतोय म्हणतो, मिळतच नाही त्याला!" मी म्हटलं, "सांग ना बाळा, कोळीवाडा, विहिरीजवळ!"

आमचा केबलवाला किरण पेढा खात होता, त्याला ठसकाच लागला. "काका, तो पत्ता नाही हो! घरात शिरलेल्या प्रत्येक फोनला हा डबा एकेक नंबर देतो. पंगतीत पाट मांडतात, तसं. तुम्ही दोघंच राहता म्हणून मी वीसच पाट मांडले. भरले!"

"मग चारजणांना उठव."

"उठून काय उपयोग? डबा त्यांच्या नावाने पाट दिवसभर धरून ठेवतो."

तुम्हाला सांगतो, मी हात जोडले! आमच्याकडे होडी लावायच्या जागेवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आणि हा वीतभर डबा, आत माणूस नाही काणूस नाही, मी कधी शाळेत गेलो नाही तसा तोही गेला नसेल, पण कोणाला काय दिलं ते विसरत नाही, एकाचं दुसऱ्याला देत नाही, उठून गेलेल्याचीसुद्धा जागा राखतो! केवढी माया... आणि घरची लेक समोर उभी, तर नाही म्हणजे नाही. लुकलुकत गप्प!

किरणने डबा बंद केला, चालू केला. "आता सगळे पाट मोकळे! ताई, पटकन!" कसलं पटकन? लोकांच्या खिशातले फोन, मालकाला न विचारता, खिशातल्या खिशात धावत जाऊन पुन्हा पाटावर! दिपाली रडकुंडीला. "बाबा, तिकडे रश्मी वहिनीची बहीण टपून बसलीय. तिने नाव सांगून टाकलं तर?" अहो, आत्या असताना मावशी? आमची पोर जन्मभर विसरली नसती हो!

"थांबा, डब्याच्या पोटात शिरतो," म्हणाला किरण. बोटाने काय काय दाबलं आणि वीस पाटांचे दोनशे केले. भिंत न हलवता! पाळण्यात टुंग झालं, कृणाल दिसला, दिपालीने फोनला तोंड लावलं, "कुर्रर्र... केयूर!" बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, माझे डोळे भरले...

"ताई, हळू!" कृणाल ओरडला. "झोपलाय तो! सुंदराबाईंनी आत्ताच अंगाई म्हणून झोपवला ना!"

सगळ्यांच्या माना वळल्या. शेजारची सुंदराबाई कोपऱ्यात पाय पसरून, हातात फोन. "काय बघता? सकाळी वाल सोलायला आले तेव्हाच माझा लागला. मघाशी कृणालला लावला, पोर रडत होतं, गायले दोन ओळी. नाव नाही हो ठेवलं, ते आत्याचं काम."

मी म्हटलं, "अगं मग तो फोन पाळण्यात ठेवला असता ना! दिला का नाहीस?"

"मागितला कोणी?"

घ्या! बिनतोंडाच्या फोनला खिशात बसून मागायचं कळतं, आणि बोलत्या माणसांनी भरलेल्या घरात एकालाही सुचू नये? मी डब्याकडे बघितलं. म्हटलं, तू तरी सांगायचंस...

लुकलुकत गप्प!