बिनविरोध मॉनिटर

तुम्ही हसाल, पण परवा रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसरीतली आमची सई वर्गात मॉनिटरला उभी होती; हरली तर रडेल, हाच घोर. भाषण मीच पाठ करून घेतलेलं.

शाळेतून आली ती म्हणाली, "मतदान झालंच न्हाय. ओवीच्या पप्पांनी वर्गाला पंखा दिला, मग सरांनी तिलाच बिनविरोध केलं."

नवरा म्हणाला, "आपला सरपंचबी तसाच झाला की. पण गावाला रस्ता आला ना?"

त्याच रस्त्यानं मी रोज धाराशिवला कामाला जाते. "पंखा तर मिळाला ना, बाळा," माझ्या तोंडून गेलं आणि लगेच वाईट वाटलं.

सई म्हणाली, "व्हय. पण मला थंडी वाजली तरी ओवी म्हणेल तवाच बंद होतोय."