दुसरी सपात

भागीरथा : मांजर घेऊन गेली? लोकरीची सपात? दूध सोडून?

किसनराव : मी असं नाही म्हटलं. मी म्हटलं, नेली असंन.

भागीरथा : अवो, काल मी हळदीकुंकवाले गेली तवा दोन्ही याच पिशवीत होत्या. एक पुरी झालेली, एक सुयांवर. आता सुयांवरची तेवढी हाये. घरात तुमच्याशिवाय कोन होतं?

किसनराव : चंदन होता.

भागीरथा : चंदन भाजीच्या दुकानावर होता. आपल्याच पोराच्या नावावर नका खपवू.

किसनराव : एका सपातीसाठी किती जीव काढून राहिली वं! माहा चष्मा हारपला तवा तं म्हने, नाकावर पाहा.

भागीरथा : नाकावरच होता.

किसनराव : कोनासाठी विनून राहिली ते सांग आधी.

भागीरथा : कोनासाठी का असंना.

किसनराव : नको सांगू. मले मालूम हाये.

भागीरथा : मालूम हाये तं विचारता काहून?

किसनराव : तुया तोंडून आयकाचं हाये. एवढे लांबरुंद पाय साऱ्या राजापेठेत एकाचेच हायेत.

भागीरथा : तुमी माप कवा घेतलं?

किसनराव : घालून पाहिली.

भागीरथा : सपात? तुमी?

किसनराव : मंग! किती रोजचा पाहून राहिलो, मी आलो का पिशवी बंद. मले वाटलं माह्यासाठीच हाये. संक्रांतीले अचानक हातात देशील. म्हनून मीबी काही बोललो नाही, मनातल्या मनात खुश होतो. काल तू गेल्यावर गुपचूप पाय घातला. पोत्यात मुळा ठेवावा तसा दिसून राहिला माहा पाय.

भागीरथा : हसू नाही आलं तुमाले?

किसनराव : आग झाली अंगाची. नासिरच्या सपाता! माह्या घरात, माह्या बायकोच्या हातच्या.

भागीरथा : हळू बोला. भिंतीपल्याड राहाते तो मानूस.

किसनराव : पाहा, तो आयकंन याचीच फिकर! तो आला का चायात आलं पडते. मी मांगितलं का म्हंते, आलं महाग हाये. मी जलमभर भाजी इकली, आन माह्याच घरात मले आलं महाग!

भागीरथा : नासिरभाईले खोकला असते.

किसनराव : मी खोकलो का म्हंते बाहेर जाऊन खोका.

भागीरथा : दिवाईच्या तोंडावर बायको गेली त्याची. पोरगा इमाद तिकडं पुन्याले. एकटा मानूस दोन गाद्या शिवते, दुकान बंद करते आन घरात येऊन बसते. आन तुमी त्याच्या चायातलं आलं पाहून राहिले!

किसनराव : नईमाभाभी गेली याचं मलेबी दुख हाये. पन त्याची गेली म्हनून माही देऊन टाकू का?

भागीरथा : काय बोलले?

किसनराव : बोललो ते बोललो. जळते माहा जीव, काय करू? माह्या पायाले थंडी नाही वाजत का? एवढे वर्स झाले, मले कधी काही विनलं?

भागीरथा : मफलर विनला होता, लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात. तुमी त्यानं कोथिंबिरीचा कट्टा बांधून धामनगावले पाठवला.

किसनराव : सुतळी संपली होती.

भागीरथा : मंग माहा हातबी आखडला. आता सांगा, सपात कुठं हाये?

किसनराव : नाही.

भागीरथा : नाही म्हंजे?

किसनराव : उसवली.

भागीरथा : कोनती? ती पुरी झालेली?

किसनराव : अर्धीले काय उसवाचं? एक टोक ओढलं आन सरसर निघत गेली. मधात एकडाव वाटलं, थांबावं. हात काही थांबेना. लोकर नाही फेकली, नीट गुंडा केला. जवारीच्या कोठीत हाये. आता वरडू नको. तूच विनली होती, तूच पुन्हा विनशील.

भागीरथा : मी नव्हती विनली.

किसनराव : मंग?

भागीरथा : नईमानं विनली होती.

किसनराव : काहीबी सांगू नको.

भागीरथा : बसा खाली. असे उभे नका राहू. त्याच्या पायाले साखरेनं मुंग्या येतात म्हनून तिनं पावसाळ्यातच घेतल्या होत्या विनाले. एक पुरी केली, दुसरीचे टाके घातले, आन दवाखाना लागला. ती गेल्यावर नासिरभाई पिशवी घेऊन आले. म्हने, भाभी, एका सपातीवर मानूस चालंन कसा? दुसरी तिच्यासारखीच करून द्या. तिचा हात ढिल्ला, माहा घट्ट. विनली का लहान होये, पुन्हा उसवा. म्हनून तिची समोर ठेवून एकेक टाका पाहून राहिली होती मी.

किसनराव : मले काहून नाही सांगितलं?

भागीरथा : त्यानंच नको म्हटलं. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. भाजीसंगं साऱ्या गल्लीत वाटली असती गोष्ट. गादीवाला म्हातारा बायकोची सपात उराशी घेऊन बसते म्हनून.

किसनराव : मी असं नसतो बोललो.

भागीरथा : बोलले असते.

किसनराव : हो. बोललो असतो.

भागीरथा : आता त्याले काय सांगू मी? पायाले लावून पाहाले आज बोलावलं हाये त्याले.

किसनराव : आज?

(फाटक वाजतं. नासिरभाई अंगणात येतात.)

नासिर : काय भाभी, झाली का जोडी? अरे, किसन घरीच? मले वाटलं दुकानावर असशील.

भागीरथा : यायले मालूम झालं, नासिरभाई. या, बसा.

नासिर : चला, बरं झालं. लपवून लपवून मीबी थकलो. हासला असशील तू, किसन. हास बाबा.

किसनराव : नाही हासलो.

नासिर : दाखवा भाभी. तुमी आपली दुसरी मंग दाखवा, पहिले तिची द्या हातात. सकाळी उठलो का तिले हात लावाची सवय झाली होती. इथं आनून ठेवली तवापासून घर कसंतरीच लागते.

भागीरथा : नासिरभाई, रागावू नका. ती उसवली माह्या हातून.

नासिर : उसवली?

भागीरथा : टाके पाहाले गेली, एक सुटला, आन मले आवरलंच नाही. माहीच चूक झाली.

किसनराव : खोटं बोलून राहिली ही.

भागीरथा : तुमी चूप बसा.

किसनराव : नाही बसत. नासिर, मी उसवली. हिनं हातबी नाही लावला.

नासिर : तू? काहून?

किसनराव : मले वाटलं ही तुयासाठी विनून राहिली. जळलो मी तुयावर. तुया चायावर, हिनं तुले धाडलेल्या जेवनाच्या डब्यावर, तुया मोठ्या पायावर. आन आता हिनं माह्यासाठी तुयासमोर आपल्या अंगावर घेतलं, तवा मले माहीच लाज वाटली. मी कशासाठी जळून राहिलो होतो?

नासिर : सारी उसवली?

किसनराव : सारी.

नासिर : टाच?

किसनराव : टाचबी.

नासिर : टाच तिले जमत नव्हती रे. घडीघडी उसवे, घडीघडी विने. मी म्हटलं, राहू दे ना नईमा, कोन पाहाते टाच? तं म्हने, तुमाले ठंड टाचेतूनच चढते.

किसनराव : मार मले.

नासिर : मारावंच वाटून राहिलं.

किसनराव : मंग मार ना.

नासिर : तुले मारून काय करू? मीबी जळतो तुयावर. दुपारी तुमचं भांडन भिंतीतून आयकू येते. दुकान बंद करून मी तेच आयकत बसतो. माह्या घरात भांडाले कोनी नाही, किसन.

भागीरथा : नासिरभाई, पानी घ्या.

नासिर : लोकर हाये का निदान?

भागीरथा : हाये, हाये. काढा वो कोठीतून. हे पाहा, काही वाया नाही गेली. उसवल्यानं वळ्या राहिल्या तेवढ्या. गरम पान्यात घालून वाळवली का सरळ होते. मंग तिच्यासारखीच ढिल्ल्या हातानं विनून देईन.

नासिर : पान्यात नका घालू भाभी.

भागीरथा : वळ्याच्या लोकरीचं काम नीट नाही येत, नासिरभाई. खालवर होते.

नासिर : होऊ द्या. त्या वळ्या तिनं पाडल्या.

भागीरथा : बरं. तशीच विनीन.

नासिर : तुमी टाके घाला, मी इथंच बसतो जरा वेळ. किसन, तुले चालंन ना?

किसनराव : तिथं नको बसू, सावली हाये. माह्या खुर्चीवर ये. इथं पायावर ऊन पडते.