डोहाची वाळू

चहा घ्या, सांगतो. दुष्काळात आमच्या भूमकडच्या गावाला नदीत एकच डोह उरला होता. काठाला चिखल, पाण्याला गेलेली गुरं रुतायची. म्हणून सोसायटीनं काठावर वाळू टाकायचं ठरवलं. चेअरमन अण्णा म्हणाले, “डोहाच्या उथळ कडेचीच उपसू, जवळ पडंल.”

मासे धरणाऱ्या सुलामावशी आडव्या आल्या. “तिथं माशांची पिल्लं हायत, अण्णा. ती गेली तर पुढं जाळ्यात काय येणार?”

“मला तर एक दिसंना,” म्हणत अण्णा धोतर खोचून पाण्यात उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. वर वाळू, खाली निव्वळ गाळ. हलतील तसे आणखी खाली जायला लागले. आमी घाबरून वाळूसाठी आणलेल्या बैलगाड्यांचे कासरे सोडून फेकले.

अण्णा हळूच म्हणाले, “मावशी, कमरेला काय तरी टोचतंय.”

“पिल्लंच हायत ती. तुमी कासरा सोडू नका.”

शेवटी अण्णा बाहेर निघाले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. दम खाऊन ते म्हणाले, “गाड्या वरच्या कोरड्या पात्रात न्या.”

तिकडची वाळू काठावर पडली. गुरं पाणी पिऊन आली, एकही रुतलं न्हाय. अण्णा बघत होते. म्हणाले, “माझ्यापेक्षा गुरं शहाणी. काठावरच थांबली.”