चार चांगल्या दाढा

हॅलो?… कोण, छोटी? बोल गं… अगं तोंडात बर्फ आहे, म्हणून अशी बोलतेय. थांब, थुंकून येते… हं, बोल. आणि तुझी जीभ का जड लागतेय? तूही बर्फ चघळतेयस की काय?… बरं, झोपेतून उठलीस होय.

आग ना? आहे अजून. सकाळी जरा बरं असतं, दुपारनंतर जीभ नुसती पोळल्यासारखी. तोंड उघडून दाखवावं तर कुणाला काही दिसत नाही. तुझे भावजी म्हणतात, टाचण्या तोंडात धरून शिवत बसतेस, दुसरं काय होणार. टाचण्या सोडून वर्ष झालं मला…

हो, हो, दाढा काढल्या. चार. चांगल्या होत्या गं, किडीचा ठिपकासुद्धा नव्हता. तो दातांचा डॉक्टर म्हणाला, काढून बघू. मी म्हटलं काढा, एकदाची आग तर जाईल… कुठली जातेय. आता आगही आहे आणि धड चावताही येत नाही.

अगं ऐक ना. नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दातांचा संबंधच नाही. पाळी गेल्यावर होतं काही बायकांना, जिभेच्या नसांचं दुखणं आहे. गोळी दिलीय. तोंडात धरायची, गिळायची नाही, थुंकून टाकायची… थोडं कमी आहे. पूर्ण जाईल असं नाही म्हणाल्या. पण 'तुम्हाला खरंच आग होतेय' एवढं म्हणाल्या ना, मी तिथेच रडले.

सुरुवात?… शेंड्यापासून. मग ओठांच्या आतून… हो, सगळं कडूच लागायचं. का गं? इतकं खोदून का विचारतेस?

तुलाही? कधीपासून?… आणि मला आज सांगतेस?… मागे कसला आवाज येतोय? कुठे आहेस तू?… कुठल्या दवाखान्यात?… छोटे, इंजेक्शन दिलं का तुला?… म्हणून जीभ जड.

ऊठ तिथून. पर्स घे आणि बाहेर ये… त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. बधिरपणा उतरेल, दाढ परत येणार नाही… एकच? अगं, माझीही पहिली एकच होती.

कुणाला बोलावतायत?… जाऊ नकोस. फोन दे त्यांच्याकडे, मी बोलते… दे ना गं… 'आले' काय म्हणतेस त्यांना? छोटे, ऐक माझं… हॅलो?… हॅलो?