लॉइडच्या सापाची कातडी

मिझुरीतल्या तिरंदाजांच्या मेळाव्यात ऑर्व्हिल आपलं तडकलेलं धनुष्य घेऊन कारागीर ड्वाइटच्या टेबलापुढे रांगेत उभा होता. त्याच्या पुढच्या बाईने पिशवीतून आफ्रिकेतल्या एका जहरी सापाची वाळवलेली कातडी काढली.

“ड्वाइट, ही माझ्या धनुष्याला चिकटवून दे.”

“अगं वर्ना, हा तोच ना? तुझ्या नवऱ्याला, लॉइडला डसलेला?”

“तोच. लॉइडने लाडाने पाळला होता. लॉइड गेल्यावर मीच याला उंदीर घालायचे. परवा मेला, आपल्या मरणाने.”

“जाळून टाक ती. आपल्याकडच्या रॅटलस्नेकची लावतो, छान दिसेल.”

“छान दिसायला मी लग्नाला चाललेय का? हीच लाव.”

“बरं बाई. पाठीवर लावतो, निशाण्याकडच्या अंगाला.”

“नाही. माझ्याकडच्या अंगाला.”

“तिकडे कुणी लावत नाही! दोरी ओढली की ती बाजू दबते, कातडीला सुरकुत्या पडतील.”

“पडू देत.”

“आणि दर बाणाला हा तुझ्या डोळ्यांसमोर येईल, त्याचं काय?”

“येऊ दे की. स्वतःला कोण वाकवतंय, ते बघू दे त्याला.”