घाटातल्या देवीपाशी ब्रेक दाबल्याबाबत

नाव : दयाराम कडूबा खर्चे. वय : बावन्न वर्षे. शिक्षण : एम.ए., संस्कृत. व्यवसाय : एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. राहणार : मोताळा, ता. मोताळा, जि. बुलढाणा.

मला ठाण्यात बोलावल्यावरून मी आज स्वतः हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी सहकुटुंब राहतो व बातम्या पाठवून त्यावर गुजराण करतो. मी ठाण्यात आलो तेव्हा माझा जबाब टाइप होऊन टेबलावर तयार होता, फक्त माझी सही व्हायची होती. "पिकअप चालवणाऱ्या महिलेने भरधाव वेगात व निष्काळजीपणे गाडी ओढून नुकसान केले" असे मी सांगितल्याचे त्यात होते. मी तसे कोणालाही सांगितलेले नाही. जमादार भाऊराव सोनुने म्हणाले, "सर, नमुना हाय तो. सगळेच करतात सही." मी म्हटले, नमुना सुबक आहे, पण जबाब माझा आहे. त्यावर त्यांनी कोरा कागद घेतला. पुढचा मजकूर मी सांगत आहे व ते लिहीत आहेत.

सोमवारी दुपारी मी गजेंद्र रामराव देशमुख यांच्या गाडीतून मोताळ्याहून बुलढाण्यास निघालो. गजेंद्रभाऊ शेती व रस्त्यांची कंत्राटे करतात. बुलढाण्यास त्यांचा सत्कार होता. बातमी यावी म्हणून ते मला नेत होते, आणि मला दाताच्या डॉक्टरकडे जायचे होते म्हणून मी जात होतो. दोघांचेही हेतू स्वच्छ होते. गाडी ते स्वतः चालवत होते. त्यांच्या शेजारच्या सीटवर सत्कारासाठी बांधून घेतलेला फेटा ठेवला असल्याने मी मागे बसलो होतो.

घाटाचा चढ लागल्यावर क्लच जळाल्याचा वास आला आणि गाडीने पुढे जायचे सोडले. इंजिन चालू, गाडी जागेवर. गजेंद्रभाऊंनी स्वतःच्या मोबाइलवरून धम्मशीला इंद्रभान तायडे यांना फोन लावून बोलावले. फोन त्यांनीच केला हे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण त्यांच्या फिर्यादीत पिकअप "अचानक समोर आली" असे आहे.

धम्मशीलाताईंचे मोताळ्यात गॅरेज आहे. घाटात बंद पडलेली वाहने ओढून वर नेण्याचे काम त्या करतात. त्यासाठी त्यांनी आपल्या डिझेल पिकअपमध्ये बदल केले आहेत. ओझे पेलावे म्हणून मागच्या कमानींना जादा पाटे घातले आहेत, चासीला ओढायचा हुक वेल्ड केला आहे, आणि चढावर चाके घसरू नयेत म्हणून मागे सिमेंटचे ठोकळे टाकले आहेत. हे बदल लपवल्याचे मला दिसले नाही. हुकाला पिवळा रंग दिलेला आहे, तो लांबूनही दिसतो. बदलांची परवानगी होती की नाही, मला माहीत नाही. गजेंद्रभाऊंच्या गाडीलाही पुढे लोखंडी गार्ड बसवलेला होता. तसा गार्ड लावायला बंदी आहे, ही बातमी मीच छापून आणली होती. झालेले नुकसान मुख्यतः त्या गार्डचेच आहे.

ताईंनी पोलादी वायररोप आमच्या गाडीच्या चासीला अडकवला व गजेंद्रभाऊंना माझ्यासमोर सांगितले, "भाऊ, स्टेअरिंग सोडू नका. ब्रेकवर पाय ठेवू नका. थांबायचं असलं त मी हात बाहेर काढीन, तवाच दाबा."

गजेंद्रभाऊ म्हणाले, "मले नको शिकवू. माह्या बापाच्या काळापासून हा घाट चढून राह्यलो मी."

ताई म्हणाल्या, "तवा ओढून न्यायची पाळी नसन आली."

पिकअप पहिल्या गिअरमध्ये होती. वेगाबद्दल जमादारांनी विचारले म्हणून सांगतो, रस्त्याच्या कडेने एक शेळी चालली होती, ती आमच्या पुढे निघून गेली.

घाटाच्या मधल्या वळणावर देवीचे छोटे देऊळ आहे. तेथे प्रत्येक चालक गाडी सावकाश करतो, घडीभर थांबतो, हात जोडतो व मग वळण घेतो. बस असो की ट्रॅक्टर, हा रिवाज सगळे पाळतात. मीही हात जोडतो. सोमवारीही जोडले. मागच्या सीटला ब्रेक नसतो.

गजेंद्रभाऊंनी मात्र ओढली जाणारी गाडी आपण चालवत आहोत असे धरून नेहमीप्रमाणे दोन्ही हात सोडून जोडले व पाय ब्रेकवर दाबला. पुढची पिकअपही थांबणारच, अशी त्यांची समजूत होती. पिकअप थांबली नाही. धम्मशीलाताईंचे घराणे बौद्ध आहे, त्या तेथे थांबत नाहीत. आणि मागे दोराला गाडी लटकलेली असताना चढावर मधेच कोणीही थांबत नाही, मग त्याचा धर्म कोणता का असेना.

मोकळे सुटलेले स्टेअरिंग फिरले, गाडी वळण सोडून दरीच्या बाजूला सरकली आणि गार्ड व एक दिवा कठड्यावर आपटला. कठड्याचे दगड खाली गेले. ते खाली पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. आमचे पुढचे एक चाक कठड्याच्या तुटलेल्या जागेत होते. धक्का बसताच ताईंनी पिकअप रोखली होती; वायररोप ताणलेला होता व पिकअप आहे त्या जागी घट्ट उभी होती. ती जागची हलली नाही म्हणून आज फिर्यादी व साक्षीदार दोघेही उपलब्ध आहेत.

ताईंनी उतरून आमच्या मागच्या चाकांना दगड लावले. मग त्या खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "हात जोडा भाऊ, पण पाय तरी मोकळा ठेवा."

मी हसलो. फिर्यादीत मी भेदरलो होतो असे आहे. तेही खरे आहे.

गजेंद्रभाऊ खाली पडलेला फेटा उचलत होते. ते म्हणाले, "तू देवीपाशी थांबली नाही, म्हणून झालं हे. तुमच्यात मानत नाहीत, मले माहीत हाय."

त्यावर ताई म्हणाल्या, "थांबून दोर ढिला केला असता त सत्कार खालीच झाला असता तुमचा."

नंतर त्यांनी गाडी सरळ करून घाटमाथ्यावर नेऊन सोडली. गजेंद्रभाऊंनी फेटा झटकला व ते मला घेऊन दुसऱ्या वाहनाने सत्काराला गेले. तेथे ते देवीच्या कृपेवर बोलले. पिकअपचा उल्लेख माझ्या ऐकण्यात आला नाही. फिर्याद त्यांनी दुसऱ्या दिवशी दिली.

देवीपाशी न थांबल्याने धार्मिक भावना दुखावल्याचे फिर्यादीत म्हटले आहे. याबाबत माझे शिक्षण पाहता मला बोलता येईल. देवीची स्तोत्रे मला लहानपणापासून पाठ आहेत. गाडी उभी केल्याशिवाय नमस्कार पोचत नाही, असे त्यांत कोठेही नाही. देवीने गजेंद्रभाऊंना आपला वकील नेमल्याचे पत्रही फिर्यादीला जोडलेले नाही. हे वाक्य वगळावे असे जमादार म्हणतात. मी वगळणार नाही.

काल संध्याकाळी माझ्या संपादकांनी फोन करून देशमुखांच्या जाहिरातींची मला आठवण करून दिली. गजेंद्रभाऊंनीही घरी येऊन सांगितले, "सर, तुमाले कशाले पडायचं यात? सही करा अन् मोकळे व्हा." मी त्यांना चहा दिला. माझे वार्ताहराचे काम गेलेच तर ते कोणत्या कारणाने गेले, याची नोंद या कागदावर राहावी. पण फिर्यादीवरून जप्त केलेली पिकअप सुटली नाही तर धम्मशीलाताईंचे गॅरेज बसेल, आणि भावना दुखावल्याचा गुन्हा लागला तर त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढत राहाव्या लागतील. हे ज्याच्यामुळे व्हायचे, तो मजकूर माझ्या नावाने जाणार नाही.

जबाब येथवर लिहून झाला असता ठाण्यात फोन आला. सरकीने भरलेला ट्रक घाटात आडवा बंद पडला असून दोन्ही बाजूंना बसगाड्या अडकल्या आहेत, असे कळले. ठाणेदार साहेब बाहेर आले. क्रेनची विचारपूस झाली. क्रेन खामगावहून यायची होती. धम्मशीलाताई सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होत्या व त्यांची पिकअप आवारात उभी होती. ठाण्यातले सर्वजण बाकाकडे पाहू लागले.

ताई म्हणाल्या, "माह्याकडे काऊन पाहता साहेब? माही गाडी त बेकायदा हाय."

ठाणेदार म्हणाले, "ताई, लेकराबाळांची माणसं अडकली आहेत."

"मंग मी जाईन. पण लिहून द्या, का हीच गाडी, याच हुकासकट, तुम्ही धाडली म्हणून."

"असं लिहून देता येत नसते."

"मंग मले बी असं ओढता येत नसते."

 ठाणेदार साहेबांनी जमादारांच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला व उभ्यानेच लिहिले. ताईंनी तो कागद न पाहता माझ्याकडे दिला. "सर, वाचा मोठ्यानं. हुक हाय का त्यात?"

मी वाचला. हुक नव्हता. ठाणेदार साहेबांनी कागद परत घेतला व हुक घातला. नंतर त्यांनी चावी टेबलावर ठेवली. ताईंनी आधी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली, मग चावी उचलली.

पुढे मला काही विचारले नाही. वरील सर्व मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. काही ठिकाणी ते वाचताना थांबले, पण एकही शब्द गाळला नाही. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. कोर्टात विचारले तर हाच सांगेन, गजेंद्रभाऊ समोर बसले असतील तर त्यांच्याकडे पाहून सांगेन. आज मी दोन ठिकाणी सही केली आहे. एक या जबाबाखाली आणि दुसरी, ताईंनी घडी करण्याआधी, ठाणेदार साहेबांच्या कागदावर, साक्षीदार म्हणून. दोन्ही माझ्याच आहेत व कोणाच्याही सांगण्यावरून मागे घेणार नाही.

समक्ष लिहून घेतले :
भाऊराव सोनुने, जमादार

जबाब देणार :
दयाराम कडूबा खर्चे