शंभरावर कोण उतरलं

खरं बोलत होते तेव्हा एकीनेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, बघा. तरसालीच्या त्या सोसायटीत आम्ही कामवाल्यांनी ठरवलेलं, साफसफाईचे तासाला दीडशे, खाली कोणी उतरायचं नाही. तरी चौथ्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडे कोणीतरी शंभरात लागली. सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या.

"कमल, तूच गं!" रेखा सगळ्यांत पुढे.

"पोराची शपथ, मी नाही!"

तडक बेनचं दार वाजवलं. उघडलं माझ्याच सुनेनं, हातात ओला पोछा. रडायलाच लागली.

"आई, ह्यांची नोकरी गेलीय, तुम्हाला बोलले नाहीत. खाली सांगू नका, मला कोणी दारात उभं करणार नाही."

खाली आले. रेखा गेटवरच उभी.

"कळलं नाव?"

"कळलं," म्हटलं. "कमल."